क्रोमची हौस: क्लासिक ३५०, सतरा नग आणि एक वर्ष

गाडी: रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१५ सालची. कार्ब्युरेटरवाली, पुढे डिस्क, मागे ड्रम. ४१,००० किलोमीटर झालेली, इंजिन उघडलेलं नाही.
काम: मालकांनी सतरा क्रोम नगांची यादी दिली आहे. दसऱ्याला गाडी पूजेला उभी राहायची आहे. कंपनीचं जुनं क्रोम साफ करायचं, यादीतला प्रत्येक नग तपासायचा, आणि राहील तो नीट बसवायचा.

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

नवं काही लावण्याआधी गाडीवर आहे ते क्रोम बघितलं. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला गंज आहे, बाहेर नाही. सायलेन्सर ठीक आहे. बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी, हेडपासून चार इंच निळसर झाला आहे. हँडलवर क्लचच्या बाजूला बारीक बारीक ठिपके आहेत आणि नखाने खरवडलं की पापुद्रा सुटतो.

बेंड पाईपचा निळेपणा हा क्रोमचा दोष नाही. पत्रा फार तापला की वरच्या थरावर ऑक्साइडचं पातळ आवरण चढतं आणि रंग बदलतो. कारण मिश्रणात शोधायचं: पेट्रोल कमी, हवा जास्त. स्पार्क प्लगचं टोक पांढुरकं निघालं. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला रबरी जोड तडकला होता, तो बदलला. हे न करता वरून क्रोमचं कव्हर चढवलं असतं तर निळेपणा झाकला गेला असता आणि व्हॉल्व्ह तापतच राहिला असता. यादीतला पाचवा नग नेमका तेच कव्हर आहे. खोडला.

२१ सप्टेंबर, शनिवार

पुण्यात नाना पेठेत माल बघायला गेलो, खिशात लोहचुंबक आणि व्हर्निअर घेऊन.

दुकानात सगळंच चकाकतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून उपयोग नाही. क्रोम म्हणून जे विकलं जातं ते चार प्रकारचं असतं. पहिला, लोखंडी नळी किंवा पत्र्यावर निकेल आणि त्यावर क्रोम. दुसरा, जस्ताच्या ओतकामावर तोच मुलामा. आरशांची बुडं आणि छोट्या टोप्या बहुधा अशा असतात. तिसरा, प्लॅस्टिकवर चढवलेला मुलामा. चौथा, मुलामाच नसलेलं, नुसतं घासून आरशासारखं केलेलं स्टेनलेस.

चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे. चिकटला नाही आणि वस्तू जड असेल तर स्टेनलेस किंवा जस्त. चिकटला नाही, हलकी आहे आणि नखाने टिचकी मारल्यावर बद्द आवाज येतो, तर प्लॅस्टिक. रंगातही फरक असतो. क्रोमला निळसर झाक असते, घासलेलं स्टेनलेस किंचित पिवळट राखी दिसतं. दोन्ही शेजारी ठेवली की लगेच कळतं, एकेकटी बघितली की नाही.

गंजापासून वाचवतं ते निकेल, क्रोम नव्हे, हे बहुतेकांना माहीत नसतं. वरचा क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. त्याचं काम चमक आणि कडकपणा देणं. पाणी अडवायचं काम खालच्या निकेलचं आणि त्याला वीस मायक्रॉनच्या वर जाडी लागते. स्वस्त मालात पाच-सात मायक्रॉन निकेल मारून मोकळे होतात. दुकानात दोन्ही सारखेच लखलखतात, फरक पहिल्या पावसाळ्यानंतर कळतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून नग उलटा करून आतली बाजू, वेल्डिंगची जागा आणि भोकाच्या कडा बघायच्या. तिथे पिवळट, धुरकट किंवा उघडं लोखंड दिसलं तर तो नग खाली ठेवायचा.

लेगगार्ड दोन बघितले. दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाचे, दिसायला जुळे भाऊ. एकाची नळी १.२ मिलिमीटर जाड, दुसऱ्याची २. मीटरला पहिली साधारण ७०० ग्रॅम भरते, दुसरी ११३० ग्रॅम. पातळ नळी बडा घर पोकळ वासा अशातली: गाडी उभ्याउभ्या पडली तरी आत दुमडते आणि तिचं टोक पायाकडे किंवा क्रँककेसकडे, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचाकडे येतं. २ मिलिमीटरचा स्टेनलेस घेतला. नळीची टोकं पत्रा वेल्ड करून बंद केलेली असावीत, प्लॅस्टिकच्या बुचाने नव्हे. बूच निघून जातं आणि नळी आतून पाण्याने भरते.

२२ सप्टेंबर, रविवार

जुन्या बाजारात कंपनीचं मूळ हँडल मिळतंय का ते बघितलं. एक मिळालं, पण क्लॅम्पच्या जागी नखात अडकतील एवढे खड्डे. तिथे खड्डा म्हणजे तडा जाण्याची जागा. घेतलं नाही. आहे तेच पुन्हा क्रोम करायचं, कारण त्याचे ठिपके वरवरचे आहेत.

२५ सप्टेंबर, बुधवार

हँडल भोसरीला प्लेटिंगला दिलं. कामाचा क्रम असा असतो: तेलकटपणा काढणं, जुनं क्रोम आणि निकेल उतरवणं, एमरी १२० पासून ४०० पर्यंत, मग बफिंग, तांबं, पुन्हा बफिंग, निकेल, आणि शेवटी काही मिनिटं क्रोम. चमक बफिंगमधून येते. मुलामा ओरखडा झाकत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणून तांब्यानंतरचं दुसरं बफिंग गाळू नका हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर घाईत तेच गाळलं जातं.

सोबत लेखी दिलेल्या तीन गोष्टी. निकेल किमान २० मायक्रॉन. नळीच्या आतलं आम्ल सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून द्यायचं. नाहीतर हँडल बाहेरून नवं आणि आतून कुजलेलं. आणि आट्यांवर मुलामा नको, मेण किंवा टेप लावून झाकायचे. नेहमीच्या बोल्टच्या आट्यांवर जेवढा मुलामा चढतो त्याच्या चौपट त्यांचा मधला व्यास वाढतो. २० मायक्रॉनला ८० होतात. नट मग हाताने चढत नाही, पान्याने चढवला की आटे मरतात.

मालकांनी पुढच्या चाकाचा ॲक्सल आणि ब्रेकचे बोल्टही त्याच फेरीत क्रोम करायला सांगितले होते. नकार दिला. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. असा बोल्ट आवळताना तुटत नाही, काही दिवसांनी ताणाखाली अचानक तुटतो. मोठ्या कारखान्यांत प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढतात. हँडलवाल्या शेडमध्ये ती सोय गृहीत धरू नये. ब्रेक, चाक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांचे बोल्ट कंपनीचेच राहणार.

२८ सप्टेंबर, शनिवार

यादीतले नग एकेक करून वजनकाट्यावर ठेवले. लेगगार्ड ३.८ किलो. मागचे साइड गार्ड २.६. कॅरिअर २.९. बॅकरेस्ट १.७. आरशांची जोडी ०.७. जादा दिवे आणि त्यांची पट्टी १.४. बाकी कव्हरं, टोप्या, जाळ्या मिळून १.६. एकूण १४.७ किलो. या गाडीची १३.५ लिटरची टाकी काठोकाठ भरली तर पेट्रोलचं वजन दहा किलोच्या आसपास होतं. म्हणजे यादी पूर्ण केली तर जवळजवळ दीड टाकी पेट्रोल कायमचं गाडीवर, आणि त्यातलं बरंचसं मागच्या ॲक्सलच्याही मागे.

एकेक नग हातात घेतला तर काहीच वाटत नाही. ‘दादा, दोनशे ग्रॅमचं तर आहे’ हे वाक्य यादीच्या प्रत्येक ओळीवर ऐकलं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण वजन असतं.

आज सहा नग बाद झाले, त्यातला एकही वजनामुळे नव्हे:

पुढच्या ब्रेकच्या ऑइल डबीचं क्रोम कव्हर. ऑइलची पातळी बघायची काच त्याखाली झाकली जाते.

कॅलिपरचं कव्हर. आत चिखल साचतो, पॅड किती उरले ते दिसत नाही.

हॉर्नचं कव्हर. लावून बघितलं, आवाज बसतो, आणि पाणी आत साठतं ते वेगळंच.

इंडिकेटरच्या क्रोम टोप्या. बाजूने बघणाऱ्याला अर्धी काच दिसत नाही. कर्वे रोडच्या गर्दीत बाजूनेच तर बघतात.

हेडलाइटची जाळी. रात्री भिंतीवर प्रकाश टाकून बघितला तर जाळीच्या आडव्या उभ्या सावल्या नेमक्या कामाच्या पट्ट्यात येतात.

नंबर प्लेटची क्रोम चौकट. उच्च सुरक्षा पाटी पुन्हा न वापरता येणाऱ्या कुलूपखिळ्यांनी बसते, ती काढून मागे चौकट घालायचा प्रश्नच नाही, आणि पुढून चौकट लावली की कडेची अक्षरं दबतात. क्रोमच हवं असेल तर त्या पाटीवरचा अशोकचक्राचा होलोग्राम क्रोमियमचाच असतो. तेवढ्यावर समाधान मानावं.

क्रोमचा रिकामा, ढमढम वाजणारा सायलेन्सर यादीत बारावा होता. त्यावर वेळ घालवला नाही. आवाजाच्या उल्लंघनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय कार्ब्युरेटरचं जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांचं माप) न बदलता तो लावला तर मिश्रण आणखी कोरडं होतं. रबरी जोड बदलून आत्ताच ते ताळ्यावर आणलं आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

हँडल आलं. आट्यांवर मुलामा नाही, आत कोरडं आहे, फक्त उजव्या टोकाला धुरकट पट्टा राहिला. तो ग्रिपखाली जातो, म्हणून परत पाठवलं नाही.

हँडल बसवल्यावर इंजिन चालू ठेवून पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवलं. आयडलिंग वाढलं तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते असा अर्थ. इथे मूळ मापाचंच हँडल असल्याने काही झालं नाही. उंच किंवा रुंद हँडल लावणाऱ्यांनी ही तपासणी गाळू नये. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकची ऑइलची नळीही सोबत बघावी.

लेगगार्ड बसवला. वरचा क्लॅम्प चासीच्या पुढच्या नळीवर, खालचे कान इंजिनच्या पुढच्या माउंटिंगच्या बोल्टवर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळे बोल्ट हाताने, चार-पाच आटे धरेपर्यंत. मग गार्ड मध्यावर आणून खालचे आवळायचे, वरचा क्लॅम्प शेवटी. गार्ड ओढून, वाकवून भोकात आणावा लागत असेल तर तो तसा आवळू नये. तो ताण कायम राहतो आणि एक सिलिंडरच्या थरथरीत कान वेल्डिंगपाशी तडकतो. आपल्या गार्डचा डावा कान ३ मिलिमीटर आत होता. मध्ये ३ मिलिमीटरची चकती घातली, भोक मोठं केलं नाही.

आठ मिलिमीटरचे बोल्ट २५ न्यूटन-मीटरला, निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून. इंजिन माउंटिंगचे बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. गार्डचा कान मध्ये आल्याने मूळ बोल्ट ५ मिलिमीटरने अपुरा पडला, म्हणून त्याच ताकदीचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला लांब बोल्ट घेतला. दुकानात मिळणारे चकचकीत स्टेनलेस बोल्ट सहसा त्या ताकदीचे नसतात.

मग डोम नट. गोल घुमटासारखे क्रोम नट सगळ्यांना आवडतात आणि तेच सगळ्यात फसवे. घुमट आतून बंद असतो. आपल्या आठ मिलिमीटरच्या डोम नटात आटे ११ मिलिमीटर खोल आहेत आणि क्लॅम्पचा बोल्ट साडेअकरा बाहेर येतो. अर्धा मिलिमीटर. पाना कडक लागतो, टॉर्क रेंचही टिक करतो, पण बोल्टचं टोक घुमटाला टेकलेलं असतं आणि वॉशर बोटाने फिरतो. म्हणजे काहीच आवळलं गेलेलं नाही. दोन वॉशर घालून किंवा बोल्ट कापून हे सुटतं. बोल्ट दीड मिलिमीटर कापला, टोक कानशीने साफ केलं. इंजिनच्या माउंटिंगला मात्र डोम नट लावलेले नाहीत, तिथे नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट.

क्लॅम्पखालचं रबर मुद्दाम दोन ठिकाणी चिरून ठेवलं, पाणी वाहून जावं म्हणून.

६ ऑक्टोबर, रविवार

डोणज्यावरून गोळेवाडीमार्गे सिंहगडचा घाट, वर आणि खाली. लेगगार्ड वळणावर टेकला नाही. जागेवर मोजलं तेव्हाही गाडी कलंडवल्यावर फुटरेस्ट आधी जमिनीला लागत होता, गार्ड नंतर. हाच क्रम हवा. फुटरेस्ट दुमडतो, गार्ड दुमडत नाही. तो टेकला तर चाक उचलतं.

आरसे: लांब दांड्याचे गोल आरसे ६० च्या वेगाला इतके थरथरतात की मागची मोटार की ट्रक ते कळत नाही. आरसा जड असला की दांडा जास्त हलतो, यात नवल नाही. लांब दांडे परत केले, आखूड दांड्याचे स्टेनलेस घेतले. आरसा आवळताना बुडाचा नट आवळायचा, आरसा धरून पिळायचा नाही. आटे ॲल्युमिनियमचे आहेत. ते गेले तर दहा मिलिमीटरचं हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा पूर्ण ब्रॅकेट बदलणं, दुसरा उपाय नाही.

आणखी एक, दुकानात कधीच लक्षात न येणारं. हेडलाइटवरची क्रोम टोपी आणि हँडल क्लॅम्पचं सपाट क्रोम कव्हर दुपारी अकरा ते तीन थेट डोळ्यांत ऊन फेकतात. टोपी काढली. क्लॅम्पचं कव्हर तर लावायलाच नको होतं.

परत आल्यावर बोल्ट तपासले. वरच्या क्लॅम्पचा एक अष्टमांश फेरा फिरला. पहिल्या शंभर किलोमीटरला हे होतंच, कारण रबर बसतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

जादा दिवे. मालकांकडचे क्रोम वाटीचे दोन दिवे ५५ वॅटचे हॅलोजन होते. दोन मिळून ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. गाडीचा हेडलाइट स्वतः ६०/५५ वॅटचा. गावात, सिग्नलला थांबत, आयडलिंगला चालत असताना हा बोजा बॅटरीतून जातो. परत.

कायद्याचं एकदाच लिहून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ(४) खाली मालकाला अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने क्रॅशगार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. त्याचा रोख चारचाकींवर जास्त होता, तरी लेगगार्ड लावणाऱ्याने ते माहीत ठेवावं. दुसऱ्या बाजूने, मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे सक्तीची आहे. म्हणून ‘लूक मोकळा करायला’ साडीगार्ड काढून टाकायची यादीतली सतरावी ओळ, जी खरं तर नगसुद्धा नव्हती, तीही खोडली.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडीवर झेंडू आणि आपट्याची पानं. झेंडूचा हार सायलेन्सरला टेकू देऊ नये. पाकळ्या चिकटून करपतात, डाग महिनाभर जात नाही. हळद-कुंकू त्याच दिवशी कोरड्या मऊ कपड्याने झटकून घ्यावं, ओल्या कपड्याने ते आट्यांत आणि फटीत जाऊन बसतं.

आज गाडीवर: लेगगार्ड, आखूड आरसे, ॲक्सलच्या दोन टोप्या, मागच्या शॉकअपची दोन कव्हरं. एकूण ४.९ किलो.

१० नोव्हेंबर, रविवार

उजव्या शॉकअपचं कव्हर स्प्रिंगला घासून आतून मुलामा गेला. स्प्रिंगवरही चर पडला. दोन्ही कव्हरं काढली, स्प्रिंगच्या चरावर रंग लावला.

मालक सोसायटीत टँकरच्या पाण्याने गाडी धुतात. पाणी जड आहे, क्रोमवर पांढरे ठिपके राहतात. पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून, कपड्याने पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि वाळवायचं. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम विरघळवतं, काही मिनिटांत खालचं पिवळट निकेल वर येतं. हा प्रयोग लोक दरवर्षी करतात.

१ जून २०२५, रविवार

पाऊस या वेळी मे महिन्यातच आला, त्यामुळे मेणाचा हात द्यायला उशीर झाला. गाडी धुऊन, उन्हात वाळवून कार्नोबा मेणाचे दोन थर दिले. मडगार्डच्या आत मेण पुरत नाही, तिथे पातळ ग्रीसचा हात. लेगगार्डचे क्लॅम्प सोडून खालचं पाणी पुसलं, बोल्टना नवं थ्रेडलॉकर. स्टेनलेस बोल्ट जिथे ॲल्युमिनियममध्ये जातो तिथे आटे जाम होऊ न देणारं ग्रीस. ओल्यात हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वेळी बोल्टबरोबर आटेही बाहेर येतात.

७ सप्टेंबर, रविवार

पावसाळ्यानंतरची तपासणी.

हँडल: स्वच्छ. ग्रिप मागे सरकवून धुरकट पट्टाही बघितला, तिथेही गंज नाही.

लेगगार्ड: नळी ठीक. वेल्डिंगच्या कडेला चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा. हे स्टेनलेसमध्येही होतं, वेल्डच्या उष्णतेने तिथलं संरक्षण कमी होतं. पॉलिशने गेला. रबराखाली चिरांमुळे पाणी थांबलं नाही.

मागचा मडगार्ड: आतला गंज वाढलेला नाही. बाहेर दोन ठिपके. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात बुडवून घासला, निघाले. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही. ठिपक्याच्या जागी सुई टोचेल एवढा खड्डा राहिलाच. तो घासून भरत नाही, मेण लावून पुढे ढकलता येतो.

ॲक्सलच्या टोप्या: आतून प्लॅस्टिक. डावी मुठा नदीकाठच्या रस्त्यावर कुठेतरी पडली. उजवी काढून ठेवली आहे.

लेगगार्ड आणि आरसे मिळून ४.५ किलो. मालकांनी आज क्रोमचं टॅकोमीटर दाखवलं. मोबाइल परत केला.